आसगावात भरती किती वाजता

आसगावपासून समुद्र किती लांब, हे गावात कुणी मोजलेलं नाही. मोजून करायचं काय? इथलं पाणी तलावात असतं, लहानशा बोडीत असतं, धानाच्या बांधीत घोट्याइतकं उभं असतं. ते वरून पडतं, पाटाने येतं आणि उन्हाळा लागला की मुकाट्याने आटतं. दिवसातून दोनदा मागे सरून दोनदा पुढे येणारं पाणी म्हणजे इथल्या माणसाच्या लेखी रिकामटेकडं पाणी. तरीही या गावात एक ओटा असा आहे, जिथे रोज सकाळी भरतीची वेळ विचारली जाते. आणि एक माणूस ती सांगितल्याशिवाय कामावर जात नाही.

सांगणारा सुगत घोडेस्वार. तिशी नुकतीच ओलांडलेली, अंग काटक, मानेवरचा मुंबईच्या उन्हाचा काळा पट्टा अजून उतरलेला नाही. गावच्या राईस मिलमध्ये पोती उचलतो. विचारणारा खुशाल सेलोकर. सत्तरीकडे झुकलेला, धानाच्या चार बांध्यांचा मालक, बोलणं कमी आणि विडी जास्त.

"जयभीम सुगत," खुशाल म्हणतो.

"रामराम काकाजी," सुगत म्हणतो. दोघं एकमेकांचा नमस्कार वापरतात. सवय जुनी आहे, त्यात कुणाला काही वाटत नाही.

"किती वाजता?"

"एक तं होऊन गेली, सकाळी सहाले. आता सांजच्याले साडेसहा."

"मोठी का लहान?"

"लहानच. अष्टमी हाये ना."

"हं."

बस, एवढंच. मागे दारात चंदा असते, खुशालची सून. तिच्या हातात झाडू असतो, आणि हे बोलणं चालू असेपर्यंत तो हलत नाही. तिच्या कपाळावर कुंकू आहे. ते असावं की पुसावं, हा प्रश्न त्या घरात दीड वर्षापासून उभा आहे, आणि रोज सकाळी भरतीच्या वेळेबरोबर तो आणखी एक दिवस पुढे ढकलला जातो.

पुढे पानठेल्यावर निकेश असतो. तो कुणालाच सोडत नाही, मग सुगतला कसा सोडेल?

"काय कप्तान! समुद्र कोणत्या पाळीले लागला आज?"

सुगत हसतो. गावात माणूस हसला की चेष्टा आटोपते, चिडला की तिला पालवी फुटते. एवढं शहाणपण घ्यायला मुंबईला जावं लागत नाही. बाकीचं मात्र त्याने तिथूनच आणलं.

खुशालचा मुलगा प्रविण आणि सुगत एका वर्गातले. सुगतचं घर विहाराजवळ, प्रविणचं मारुतीच्या पाराजवळ, म्हणजे गावाची दोन टोकं. पण तलाव मधोमध होता, म्हणून दोस्ती पाण्यातली. दोघांना पोहायला शिकवलं खुशालने. वाळवून पोकळ झालेल्या भोपळ्याला इकडे तुमडी म्हणतात. ती पोराच्या पाठीला बांधायची आणि पोराला पाळीवरून, म्हणजे तलावाच्या बांधावरून, ढकलून द्यायचं. "बुडाले तं आवाज द्या," एवढंच त्याचं शिकवणं. दोघंही बुडाले नाहीत, त्यामुळे पद्धत उत्तम ठरली.

त्याच तुमडीने खुशाल आणखी एक काम करायचा. तलावात काही हरवलं, सुटलेला डोंगा असो, म्हैस असो नाहीतर माणूस, की लोक त्याला बोलवायला यायचे. तो हरवल्या जागी तुमडी सोडायचा, काठावर येऊन विडी पेटवायचा आणि ती डुलत डुलत ज्या पाळीला लागेल तिकडे चालू लागायचा.

"पाण्याले मन नसते," तो सांगायचा. "मन वाऱ्याले असते. पाण्यात हरवलेलं वाऱ्याच्या पाळीले सापडते."

आणि सापडायचंच. गावातला एक म्हातारा असाच बेशरमाच्या झुडपात अडकलेला सापडला, तेव्हा सुगत आणि प्रविण शाळा बुडवून पाळीवर हजर होते. मेलेला माणूस त्यांना फारसा आठवत नाही. खुशाल एकदाही न चुकता सरळ त्या झुडपाकडे कसा चालत गेला, ते मात्र दोघांच्या डोक्यात कोरलं गेलं.

आयटीआय झाल्यावर सुगत मुंबईला गेला. काम मिळालं ते ऐकून त्याची आई बायजाबाई चाट पडली. तिथे एका खाडीच्या काठावर एक क्लब होता, आणि लोक तिथे हौसेने पाण्यात पडायला येत.

"म्हंजे पडतेत काहून?"

"फळीवर उभे राहतेत ना माय. फळीले शीड असते. वारा भरला का फळी पळते. वारा चुकला का माणूस पडते."

"आन् तू काय करतं?"

"पडलेले उचलतो."

"तालेवार लोकायचं काई खरं नाई," बायजाबाई म्हणाली आणि चुलीकडे वळली.

खाडी कसली, शहराने दोन्ही हातांनी गळा धरलेलं पाणी होतं ते. एका अंगाला काचेच्या इमारती, दुसऱ्या अंगाला खारफुटी आणि कोळीवाडा, तोंडाशी लांबच लांब पूल. भरतीला पाणी इमारतींच्या पायथ्याशी येऊन सज्जनासारखं चमकायचं. ओहोटीला तेच पाणी अंगावरचं पांघरूण ओढून न्यावं तसं निघून जायचं, आणि खाली काळा चिखल, फाटक्या पिशव्या आणि शहराने लपवलेलं सगळं उघडं पडायचं. पहिल्या दिवशी त्या चिखलात गुडघ्यापर्यंत रुतल्यावर सुगतला धानाच्या रोवणीची आठवण झाली होती. चिखल तर आपलाच आहे, त्याला वाटलं, पाणीच तेवढं परकं आहे.

आणि परकं होतंही. दुपारी वारा समुद्राकडून आत यायचा आणि ओहोटीचं पाणी पुलाच्या खांबांमधून बाहेर पळायचं. वारा आत, पाणी बाहेर. दोघांच्या भांडणात मध्ये आखूड, टोकदार लाटा उभ्या राहायच्या. फळीवर चढायचं, दोरीने पाण्यातलं शीड उपसायचं, त्या आडव्या दांड्याला लटकून सगळं वजन मागे टाकायचं आणि या भांडणातून वाट काढायची. सुगत दोन हिवाळ्यांत शिकला. बरा शिकला. सुंदर नाही.

कुणी पडला की फळी हातातून सुटायची. सुगत बचावाची मोटरबोट घेऊन निघायचा. फळी कुठे मिळेल हे त्याला कुणी सांगावं लागलं नाही. वाऱ्याच्या बाजूला, खारफुटीच्या कडेला, ती हमखास असायची. खुशालचा नियम मुंबईतही चालतो, हे बघून त्याला मनातून फार बरं वाटलं होतं. माणूस बहुतेक वेळा फळीजवळच असायचा, नाहीतर जाकिटावर तरंगत शिव्या देत असायचा. त्यामुळे नियमाची खरी परीक्षा कधी झालीच नाही.

प्रविणला त्यानेच बोलावलं. प्रविणचं लग्न झालेलं, बायको चंदा एकोडीची. त्याची आई लग्नाआधीच गेलेली, बांध्या चार आणि खाणारी तोंडं पुढे वाढणार. "ये बे, इथं पोहता येणाऱ्याले काम हाये," सुगत फोनवर म्हणाला. प्रविण आला आणि एका हंगामात सुगतच्या पुढे गेला. अंगातच होतं त्याच्या. शीड वळवताना तो फळीवर असा फिरायचा की पैसे भरून शिकायला आलेली माणसं स्वतःचं शिकणं सोडून बघत राहायची.

"आपल्याकडं एवढा वारा फुकट जाऊन राहिला न बे," तो म्हणायचा. "तलावावर एक फळी नेऊ. निकेशले उभा करू."

"निकेश उभा राहिला का तलाव पाळीवरून वाहीन."

"मंग तं धानाले पाणी होईन ना, चांगलंच हाये!"

जाकीट घालायचा त्याला कंटाळा. "जाकीट घातलं का व्हिडिओत पोट दिसते," असं कारण. व्हिडिओ तो चंदाला पाठवायचा, चंदा सासऱ्याला दाखवायची. खुशालच्या फोनमध्ये अजून एक आहे: प्रविण पांढऱ्या शिडामागे लहान होत होत जातो, पुलाजवळ टिंबाएवढा होतो, मग शीड एकदा लखकन वळतं आणि तो परत मोठा होत येतो. त्यात तो कायम परत येतो.

ती अमावास्या होती, माघाची. अमावास्येला उधाण असतं, म्हणजे भरतीही मोठी आणि तिच्या मागची ओहोटीही तेवढीच ओढणारी. शिकणारे सगळे बाहेर आलेले होते. "एक चक्कर मारतो," म्हणून प्रविण निघाला, जाकिटाशिवाय. सुगत काठावर शिडं धुत होता. धुता धुता मान वर केली तेव्हा पुलाच्या अलीकडे पांढरं शीड दिसलं. दुसऱ्यांदा वर केली तेव्हा नव्हतं.

त्याने बोट काढली. इथे काय झालं ते नीट समजून घ्यायला हवं, कारण सुगत रोज तेवढंच समजून घेत बसतो. त्याला ओहोटी माहीत होती. भरती-ओहोटीच्या वेळा त्याच्या फोनमध्ये होत्या, क्लबच्या फळ्यावर होत्या, त्या दिवशी सकाळी त्यानेच खडूने लिहिल्या होत्या. पण जीव घाबरा झाला की माणूस जिथे शिकला तिथे परत जातो. सुगत तलावावर गेला. वारा तोंडावर घेतला, पाठ फिरवली आणि सरळ वाऱ्याच्या पाळीकडे, म्हणजे आत खारफुटीकडे बोट पळवली.

आणि फळी तिथे होतीच. खारफुटीच्या मुळ्यांत अडकलेली, डोलकाठीचा सांधा तुटलेला. फळी बघून त्याला हायसं वाटलं. आता प्रविण इथेच, दहा-वीस हातांवर. त्याने हाका मारल्या. मुळ्यांतून वाकून बघितलं. बोट चिखलात रुतली तेव्हा उतरून कमरेएवढ्या काळ्या गाळात चालत बघितलं. पाणी पायाखालून सारखं बाहेर जात होतं, त्याच्या मांड्यांना ओढत होतं, जणू बाही धरून सांगत होतं. त्याने ऐकलं नाही. उजेड सरेपर्यंत तो तिथेच शोधत राहिला.

मग कोळीवाड्यातला एक म्हातारा तांडेल आपली होडी घेऊन आला. त्याने फळी बघितली, सुगतला बघितलं, पाण्याकडे बघितलं.

"इथं काय करतोस रं?"

"फळी इथं सापडली. तो बी इथंच असन."

"फळी पाण्यावर असते," तांडेल हळू आवाजात म्हणाला. "माणूस पाण्यात असतो. पाण्याच्या मागं जायचं होतं. वाऱ्याच्या मागं काय गेलास?"

तांडेलाने होडी पुलाबाहेर नेली. दुसऱ्या दिवशी आणखी होड्या गेल्या, पोलिसांची बोट गेली. प्रविण सापडला नाही. त्यानंतरही कधी सापडला नाही.

फोन सुगतनेच केला. पलीकडून खुशालने एकच विचारलं.

"वाऱ्याच्या पाळीले पाह्यलं का?"

"पाह्यलं काकाजी."

"मंग बरोबर पाह्यलं," म्हातारा म्हणाला. "येतो मी."

ते 'बरोबर' सुगतच्या छातीत काट्यासारखं बसलं. रागावला असता तर बरं झालं असतं.

खुशाल आला. पिशवीत धोतर, चिवडा आणि ती तुमडी. आयुष्यात पहिल्यांदा समुद्र बघणार होता तो, आणि पोचला नेमका ओहोटीत. समोर चिखलच चिखल.

"पाणी कुठी गेलं?"

"ओहोटी हाये. मागं गेलं."

"कोणाच्या मागं?"

त्याच दिवशी, काठावरच्या दगडावर बसून, सुगतने बाकीचं सगळं सांगितलं. वारा आत होता, पाणी बाहेर होतं. फळी वाऱ्याबरोबर आली, प्रविण पाण्याबरोबर गेला. तुमचा नियम इथे चालत नाही आणि मी तोच चालवला. आडपडदा ठेवला नाही. खुशालने ऐकलं. विडी विझली होती ती पेटवली नाही.

"वाऱ्याच्या उलटं पाणी?" एवढंच म्हणाला. त्याचा विश्वास बसला नव्हता.

तो आठवडाभर राहिला. क्लबच्या शेडमध्ये झोपायचा, दिवसभर दगडावर बसायचा. एका दुपारी वारा उठला तेव्हा त्याने पिशवीतून तुमडी काढली, सुगतला बोट काढायला लावली आणि पुलाच्या अलीकडे, जिथे शीड शेवटचं दिसलं होतं, तिथे ती पाण्यात सोडली. वारा तोंडावर येत होता. तुमडी जराशी आत वळली, थबकली, आणि मग ओहोटीच्या ओढीने, वाऱ्याच्या नाकावर टिच्चून, डुलत डुलत पुलाकडे निघाली.

खुशाल तिच्याकडे असा बघत राहिला, जसं घरचं जनावर आपल्यालाच शिंग दाखवतंय. आयुष्यभर जे खरं होतं ते डोळ्यांदेखत पुलाच्या खांबांमधून निघून गेलं.

"चाला," तो म्हणाला. काठावर येऊन परत दगडावर बसला.

इथेच गोष्ट संपती तर बरं होतं. म्हातारा रडला असता, गावी गेला असता, दिवस केले असते. पण समुद्राला कुठे थांबावं हे कळत नाही. संध्याकाळकडे पाणी फिरलं. चिखलावरून आधी एक चकाकती जीभ आली, मग दुसरी. पिशव्या उचलल्या गेल्या, होड्या सरळ झाल्या, आणि बघता बघता पाणी दगडाला, मग खुशालच्या पायांना लागलं. आणि त्या पाण्याबरोबर, प्लास्टिकच्या बाटल्या आणि निर्माल्याच्या घोळक्यात, तुमडी आली.

खुशालने ती उचलली. पुसली. उलटीसुलटी करून बघितली. तीच होती, तिच्या मानेला त्याच्याच हातची सुतळी होती.

"वापस येते," तो म्हणाला.

"काकाजी, तुमडी हलकी असते..."

"दिवसातून किती खेपा येते?"

"दोन."

"रोज?"

"रोज."

"मंग कायले घाई करतं बापा?" खुशाल म्हणाला. त्याचा चेहरा आठवड्यात पहिल्यांदा सैल झाला होता. ते बघून सुगतला समजलं की आपण फार मोठी चूक केली. पहिली चूक घाबरून झाली होती. ही दुसरी, खरं बोलून.

सुगत त्याला गावी पोचवायला म्हणून आला आणि परत गेला नाही. पाण्यासमोर उभं राहिलं की मांड्यांना ओढ लागायची, अजूनही. बायजाबाईने त्याला पहिल्या दिवशी जेवू घातलं तेव्हा तो ताटापुढे नुसता बसून राहिला होता.

"तू मारला नाई त्याले," ती म्हणाली. "पर वाचवला बी नाई. दोनी खरं हाये. जेव आता."

दुसऱ्या सकाळी खुशालने ओट्यावरून हाक मारली. "सुगत, आज किती वाजता?" त्याने फोनमध्ये बघून सांगितलं. न सांगायला तोंड कुठे होतं? मग रोजचंच झालं. तुमडी खुंटीला टांगलेली. दिवस नाहीत, तेरवी नाही, पिंड नाही. कुणी विषय काढला की खुशाल म्हणायचा, "पाणी अजून येऊन राहिलं ना." जणू एसटी यायची आहे, तोवर स्टँड सोडून कसं जायचं.

चंदा त्या घरात तशीच. एकोडीहून तिचा बाप दोनदा येऊन गेला. नवरा नाही म्हणावं तर कुंकू आहे, आहे म्हणावं तर नवरा नाही. हळदीकुंकवाला तिला बोलवायचं की नाही यावर बायका कुजबुजायच्या, मग न बोलावणंच सोपं पडायचं. विधवा बायका तिला आपल्यात धरत नव्हत्या, सवाष्णी तर नाहीच.

एका सकाळी ती मिलच्या रस्त्यावर सुगतला आडवी आली.

"भाऊजी, तुमी वेळ सांगणं बंद करा."

"वहिनी, ते विचारतेत..."

"तुमी सांगता म्हणून विचारतेत. रोज सकाळी मी झाडू धरून उभी राहतो. मले वाटते, आज तरी म्हणान का पाणी येत नाई आता. तुमी म्हणता, सव्वानवाले." तिचा आवाज चढला नव्हता, पण झाडूच्या काड्या मुठीत कडकडत होत्या. "समुद्राचं सगळं मालूम हाये ना तुमाले? मंग सांगा, मी कोण आहो?"

सुगतने दुसऱ्या दिवसापासून नेट नसल्याचं सांगायला सुरुवात केली. आसगावात ते नेहमीच खरं वाटतं. खुशाल "हं" म्हणाला. तिसऱ्या दिवशी म्हातारा घरात नव्हता. शोधाशोध झाली. तो तलावावर सापडला, भर उन्हात, पाळीवर उकिडवा, पाण्याच्या काठाला रोवलेल्या एका काडीकडे टक लावून. सांगणारा नव्हता म्हणून स्वतः मोजायला बसला होता. तलावाचं पाणी सकाळपासून जिथल्या तिथेच होतं.

"हे काऊन हालत नाई बे?" सुगतला त्याने विचारलं. अंग तापाने फणफणलेलं.

सुगतने त्याला पाठीवर घेतलं, लहानपणी तुमडी असायची तसं. उतरता उतरता सांगितलं, "आज दोनले हाये काकाजी." म्हाताऱ्याने मान त्याच्या खांद्यावर टाकली. मागून चालणाऱ्या चंदाने ते ऐकलं. ती काही बोलली नाही.

ती बोलली पुढच्या पित्रपाटात, म्हणजे पितृपक्षात. सुगतला नाही, खुशाललाच. सुगत ओट्यावर होता, वेळ सांगून झाली होती.

"मामाजी," ती दारातून म्हणाली, "तुमी तुमच्या पोराची वाट पाहा. जलमभर पाहा, मी नाई म्हणत नाई. पर मले सोडा. एक पुतळा जाळा आन् मले सोडा. मी रांड तं रांड, काईतरी होऊ द्या."

खुशालने तिच्याकडे बघितलं. दीड वर्षात बहुधा पहिल्यांदाच नीट बघितलं. मग खुंटीवरच्या तुमडीकडे बघितलं.

"सर्वपित्रीले भरती केव्हा?" त्याने सुगतला विचारलं.

"बाराच्या आसपास. अमावास्या हाये, मोठी राहीन."

"मंग बाराले जाऊ पवनीले. पाणी भरू देऊ. नाई आला, तं पुतळ्याले आग लावू."

सर्वपित्रीला पवनीच्या घाटावर ही गर्दी. वैनगंगा दोन्ही काठ भरून, गढूळ, एकाच दिशेने जाणारी. भटजींनी दर्भाचा आणि पळसाच्या पानांचा पुतळा बांधला. माणूस सापडला नाही की असा बांधतात. नारळाचं डोकं, पानांचं अंग. चंदाने त्यावर प्रविणचा निळा शर्ट घातला. शर्ट जरा मोठाच झाला. भटजी म्हणाले, त्याच्या आवडीची काही वस्तू असेल तर ठेवा सोबत. चंदाने सासऱ्याच्या पिशवीकडे पाहिलं. तुमडी पिशवीत होती.

"ते नाई," खुशाल म्हणाला. "ते त्याले लागन."

भटजींची घाई चाललेली, मागे चार जण ताटकळत होते. "आटपा बुवा, वेळ टळून राहिली!"

"तिकडचं पाणी भरू द्या," खुशाल म्हणाला.

"कुठलं पाणी?"

"मुंबईचं."

भटजींनी आयुष्यात पुष्कळ यजमान पाहिले होते, पण मुंबईच्या भरतीसाठी पवनीचा घाट अडवणारा हा पहिलाच. ते सुगतकडे बघू लागले. सगळेच त्याच्याकडे बघू लागले. हातात फोन धरून तो घाटाच्या पायरीवर उभा होता. त्याच्या डोळ्यांपुढे ती खाडी भरत होती. चिखल झाकला जात होता, इमारतींच्या पायथ्याशी पाणी चमकायला लागलं होतं, दगडावर कुणी बसलेलं नव्हतं.

"किती राहिलं?"

"भरून राहिलं काकाजी."

"आता?"

"भरलं."

खुशालने नदीकडे बघितलं. नदी आपली चालली होती, तिला वळून यायची सवय नाही. त्याने डोक्यावरची टोपी काढली, परत घातली.

"पाणी आलं," तो म्हणाला. "तो नाई आला. लावा."

पानं ओली होती, धूर फार झाला. निळ्या शर्टाने आधी पेट घेतला. चंदा धुरात उभी राहिली आणि तिने स्वतःच्याच हाताने, कुणी म्हणायच्या आत, पदराने कपाळ पुसलं. मग पायरीवर बसून अशी रडली की मागे ताटकळलेल्यांनीही घाई सोडली. संध्याकाळच्या गाडीने ती बापाबरोबर एकोडीला गेली. जाताना सासऱ्याच्या पाया पडली, सुगतला काही म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी सुगत मिलला निघाला. त्याला वाटलं होतं, आज दुसऱ्या गल्लीने जावं. पाय सवयीने ओट्यापुढूनच गेले. अंगणात झाडलोट नव्हती. खुंटीला तुमडी होती.

"जयभीम सुगत."

"रामराम काकाजी."

घरात भांड्याचाही आवाज नव्हता.

"ते चंदासाठी होतं," खुशाल म्हणाला. "आज किती वाजता?"

सुगतने फोन काढला नाही. अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी केव्हा असते, हे त्याला न बघता येत होतं.

"एकले," तो म्हणाला.

"मोठी का लहान?"

"मोठी."

"हं," खुशाल म्हणाला, आणि विडी पेटवली.